तालीममास्तर गेल्यावर : वाचकांचे प्रश्न

या वेळचे सगळे प्रश्न एकाच विषयाभोवतीचे आहेत. अभिनय शिकवणारे सर किंवा बाई आता नाहीत आणि त्यांची आठवण कामाच्या रूपात ठेवायची आहे, तर काय करावं? काही प्रश्न एकमेकांत मिसळून घेतले आहेत.

आमच्या हौशी संस्थेच्या तालीममास्तरांचा पहिला स्मृतिदिन जवळ आला आहे. दोन तासांचा कार्यक्रम करायचा आहे. आखणी कशी करावी? — एक वाचक, सांगली

दोन तास नकोत, दीड तास पुरे. त्यातही भाषणांना पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका. असे कार्यक्रम बहुधा एकाच ठिकाणी कोसळतात. दहा-बारा जणांना ‘दोन शब्द’ बोलायला बोलावतात आणि पाचव्या वक्त्यापासून तेच तीन किस्से फिरू लागतात: सर किती रागवायचे, सर चहा कसा पाजायचे आणि सर म्हणाले होते, ‘तू काही नट होत नाहीस.’

चारच वक्ते घ्या, प्रत्येकी सहा मिनिटं. चौघे सरांच्या वेगवेगळ्या काळातले असावेत आणि त्यांतला एक तरी पडद्यामागचा असावा: प्रकाशयोजना करणारा, प्रॉम्प्टर, कपडेपट सांभाळणारा. पंधरा दिवस आधी सगळ्यांना एकच प्रश्न द्या: ‘सरांनी तुमची कोणती चूक दुरुस्त केली आणि कशी?’ उत्तर लिहून मागवा. सहा मिनिटांत साधारण सातशे शब्द बोलून होतात, त्याहून लांब आलं तर परत पाठवा. दोघांनी एकच प्रसंग लिहिला असेल तर तो आधीच लक्षात येतो. हा लेखी मजकूर पुढे जपायच्या संग्रहातही जातो.

उरलेल्या वेळात बारा ते पंधरा मिनिटांचे दोन प्रवेश करा आणि वीस मिनिटं उघडी तालीम ठेवा. उघडी तालीम म्हणजे सर ज्या व्यायामांनी तालीम सुरू करायचे ते रंगमंचावर, नव्या मुलांसोबत, नेहमीच्या कपड्यांत. आधी प्रवेश, मग भाषणं, शेवटी उघडी तालीम हा क्रम ठेवा. भाषणं शेवटी ठेवली तर ती लांबतात आणि मागच्या रांगा शेवटच्या बसच्या काळजीत उठून जातात. उघडी तालीम मात्र आधी फार घोटू नका. दोनदा करून पाहिली की बास, नाहीतर तिचं नृत्य होतं.

फोटोबद्दल थोडं. २४ बाय ३६ इंचांचा फोटो छापायचा तर मूळ प्रतिमा निदान ३६०० बाय ५४०० पिक्सेलची हवी. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकुंचन पावतो, म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. मूळ छापील फोटो मिळाला तर मोबाइलने त्याचा फोटो काढण्यापेक्षा ६०० डीपीआयला स्कॅन करा.

तारखेसाठी निधनाचा दिवसच धरला पाहिजे असं नाही, पण आपल्याकडे ती रीत जुनी आहे. गोविंद बल्लाळ देवल हे नाटककार होते तितकेच नावाजलेले तालीममास्तर होते. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगावात त्यांचे शिक्षक होते आणि पुढे देवलांनी त्यांच्या ‘किर्लोस्कर मंडळी’ या नाटक कंपनीतल्या नटांच्या तालमी घेतल्या. त्यांचं निधन १४ जून १९१६ रोजी झालं. आजही अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेचा पुरस्कार सोहळा १४ जूनशी जोडलेला आहे. तुमच्या सरांचा दिवस ऐन परीक्षांत येत असेल तर सरळ दुसरा दिवस निवडा. रिकाम्या सभागृहात तिथी पाळून काही मिळत नाही.

सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करतो आहोत. पण सगळे फक्त कौतुक करतात. काय विचारावं? — एक वाचक, नाशिक

‘सर कसे होते?’ या प्रश्नाला कौतुकाखेरीज दुसरं उत्तर येतच नाही. हा प्रश्न यादीतून काढून टाका. आठवण हातापायांत साठलेली असते, ती वस्तूंनी आणि क्रमाने विचारली की बाहेर येते. तालीम किती वाजता सुरू व्हायची? पहिला अर्धा तास काय चालायचं? सर कुठे बसायचे, समोर की विंगेत? वाचन किती दिवस, उभं केव्हा राहायचं? पाठांतर कोणत्या दिवसापर्यंत हवं असायचं? हालचाली ते आधी ठरवून यायचे की तुमच्याकडून काढून घ्यायचे? स्वतः करून दाखवायचे का? शेवटच्या प्रश्नावर बरेच जण पहिल्यांदा थांबून विचार करतात. ‘करून दाखवणारा’ शिक्षक आणि ‘करवून घेणारा’ शिक्षक यांच्या पद्धती मुळातच वेगळ्या असतात, त्यामुळे हे उत्तर नक्की मिळवा.

मग माणसाला उभं करा. ‘सर हा व्यायाम कसा घ्यायचे, करून दाखवा,’ असं म्हणा. बसून न सुचलेले तपशील उभं राहिल्यावर सुचतात. हा भाग व्हिडिओवर घ्या.

तांत्रिक बाजू सोपी आहे. पंखा, एसी बंद करा, फ्रिजपासून दूर बसा. गाद्या, पडदे असलेली छोटी खोली दिवाणखान्यापेक्षा चांगली, कारण उघड्या भिंती आवाज परतवतात. मोबाइल टेबलावर ठेवू नका. टेबलावर हात आपटला की तो ठोका मुद्रणात येतो. तीन-चारशे रुपयांचा तारेचा कॉलरमाइक, तोंडापासून पंधरा-वीस सेंटिमीटरवर, पुष्कळ काम करतो. मुद्रण डब्ल्यूएव्ही प्रकारात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर करा. एकाच वाहिनीचं (मोनो) तासाभराचं मुद्रण साधारण अर्धा गिगाबाइट होतं. त्याच दिवशी दोन वेगळ्या डिस्कवर प्रती करा आणि तिसरी दुसऱ्याच्या घरी ठेवा. फाइलच्या नावात तारीख आधी घाला, मग बोलणाऱ्याचं नाव, मग भाग. ‘सर_फायनल_नवीन२’ या नावाची फाइल वर्षभराने कोणालाच ओळखता येत नाही.

बोलणाऱ्याकडून एका पानाची संमती लिहून घ्या: मुद्रण कुठे ठेवणार, कोण ऐकणार, कोणता भाग बंद ठेवायचा. बैठक सव्वा तासाच्या आत संपवा. दमलेला माणूस परत किस्स्यांकडे वळतो.

जाता जाता एक दाखला. रशियन दिग्दर्शक आणि अभिनयशिक्षक स्तानिस्लाव्स्की यांनी आपली शिकवण लिहिली ती एका विद्यार्थ्याच्या रोजनिशीच्या रूपात. तीत तोर्त्सोव्ह नावाचे कल्पित गुरू आहेत आणि लिहिणारा विद्यार्थी पानोपानी चुकतो. हे रशियन पुस्तक १९३८ मध्ये, त्यांच्या निधनाच्याच वर्षी आलं. विद्यार्थी चुकतो म्हणून वाचणाऱ्याला पद्धत कळते. तुमच्या मुलाखतींतही फसलेले प्रयत्न येऊ द्या.

सत्यदेव दुबे यांना इतके नट गुरू मानतात, पण त्यांची शाळा नव्हती, अभ्यासक्रम नव्हता. मग ते शिकवायचे म्हणजे काय करायचे? — एक वाचक, डोंबिवली

दुबे १९३६ साली बिलासपूरला जन्मले आणि क्रिकेटपटू व्हायचं म्हणून मुंबईत आले. दिग्दर्शक इब्राहिम अल्काझी यांच्या ‘थिएटर युनिट’ या नाट्यसंस्थेत ते शिरले. १९६२ मध्ये अल्काझी राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक म्हणून दिल्लीला गेले आणि युनिटची धुरा दुबेंकडे आली. इथून दोन वाटा फुटतात.

पुण्यात जन्मलेले, लंडनच्या ‘राडा’ या नाट्यशिक्षण संस्थेत शिकलेले अल्काझी यांनी १९७७ पर्यंत विद्यालय चालवलं. तिथे तीन वर्षांचा अभ्यासक्रम होता. नटालाही नेपथ्य, वेशभूषा, प्रकाश आणि नाटकाचा इतिहास शिकावा लागे. रंगमंच झाडणं हासुद्धा शिक्षणाचा भाग होता. रोहिणी हट्टंगडी, जयदेव हट्टंगडी ही मराठी माणसांना जवळची नावं त्याच विद्यालयातली. अशा शिक्षकाची आठवण जपणं तुलनेने सोपं असतं, कारण वेळापत्रक, नोंदी, नेपथ्याची रेखाटनं मागे राहतात.

दुबेंची शाळा म्हणजे चालू असलेलं नाटक. धर्मवीर भारतींच्या ‘अंधा युग’सारखी काव्यमय संहिता घ्यायची आणि नटाला ती बोलता येईपर्यंत सोडायचं नाही. अमरीश पुरी, अमोल पालेकर, सुनील शानबाग अशी वेगवेगळ्या घडणीची माणसं त्यांच्या हाताखालून गेली. कन्नड, बंगाली, मराठी नाटकं त्यांनी हिंदीत उभी केली. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’वरचा १९७१ चा मराठी चित्रपट त्यांनीच दिग्दर्शित केला. ‘भूमिका’ या हिंदी चित्रपटाच्या पटकथेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्यांत ते होते. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९७१ मध्ये आला, पद्मभूषण २०११ मध्ये, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला ते गेले.

त्यांच्या शिकवण्याचा कणा होता बोललेला शब्द. वाक्याचा अर्थ, त्याची लय, श्वास कुठे घ्यायचा आणि थांबा कुठे, हे जमलं की हालचाल मागून येते असा हा रोख. त्यामुळे दुबेंच्या घराण्यातल्या शिक्षकाची आठवण ठेवायची तर संहितेचं पान हातात घ्यावं लागतं. असा एक प्रयोग करून पाहा. सरांनी बसवलेल्या नाटकातलं एक लांब स्वगत निवडा, साधारण दीड पानाचं. ती भूमिका केलेल्या दोन-तीन वेगवेगळ्या पिढ्यांच्या नटांना ते स्वतंत्रपणे म्हणायला सांगा आणि प्रत्येकाचे श्वास, थांबे आणि जोर दिलेले शब्द एकाच प्रतीवर वेगळ्या रंगांत खुणेने मांडा. जिथे तिन्ही रंग एकत्र येतात तिथे बहुधा सर आहेत. जिथे फाकतात तिथे तो तो नट आहे. दोन तासांचं काम आहे, पण दहा भाषणांत जे सापडत नाही ते यात सापडतं.

बाई आवाजाचे व्यायाम घ्यायच्या. आम्हाला ते तुकड्यांत आठवतात. नव्या मुलांना कसे शिकवावेत, आणि चुकीचे शिकवले तर अपाय होईल का? — एक वाचक, फोंडा

होऊ शकतो. म्हणून आधी नोंद आणि मगच शिकवणं. प्रत्येक व्यायामासाठी एक कार्ड करा. त्यावर व्यायामाचं नाव, तो कशासाठी, किती जण, किती जागा, किती वेळ, बाईंची सूचना त्यांच्याच शब्दांत, मुलं हमखास काय चुकवतात आणि बाई ती चूक कशी काढायच्या, इतकं लिहा. शेवटचे दोन रकाने रिकामे राहिले तर तो व्यायाम तुम्हाला अजून आठवलेला नाही असं समजा आणि तेव्हाच्या दुसऱ्या विद्यार्थिनीला विचारा. सूचना तेवढी आठवते आणि दुरुस्ती विसरते, हेच नेहमी घडतं. आणि शिकवणं तर सगळं दुरुस्तीत असतं.

बाईंचा क्रम आठवत नसेल तर पंचवीस मिनिटांचा हा आराखडा वापरा आणि त्यात त्यांचे व्यायाम बसवा. श्वास पाच मिनिटं, जबडा आणि जीभ तीन, गुणगुणणं पाच, व्यंजनं सात, संहिता पाच. जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्या.

श्वासासाठी पाठीवर झोपा, गुडघे वर, तळवे जमिनीला टेकलेले, एक हात पोटावर. श्वास आत ओढायचा नाही, तो आपोआप येऊ द्यायचा आणि ‘स्स्’ करत सोडायचा. सुरुवातीला दहा सेकंद, काही आठवड्यांनी वीस. इथे मुलं स्पर्धा लावतात आणि शेवटचा थेंब पिळून काढतात. त्याने खांदे वर चढतात, गळा आवळतो आणि पुढचं वाक्य आवळलेल्या गळ्यातूनच निघतं. म्हणून घड्याळ मुलांच्या हाती देऊ नका.

गुणगुणताना ओठ हलके मिटलेले आणि दात सुटे हवेत. ओठांना मुंग्या आल्यासारखं वाटलं की बरोबर. घशात खवखव झाली की थांबायचं. घसा बसला असेल त्या दिवशी व्यायाम नाही आणि कुजबुजही नाही, कारण कुजबुजीनेही ताण येतो. आवाज तीन आठवड्यांत सुधारला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायचं.

व्यंजनांत मराठीच्या खास अडचणी घ्या. ‘च’, ‘ज’, ‘झ’ यांचे आपल्याकडे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिहिताना फरक दिसत नाही. ‘चार गुरं चार’ हे वाक्य म्हणायला लावा. पहिला ‘चार’ आकड्यातला, तालव्य, म्हणजे जीभ टाळूला लावून. दुसरा चारण्यातला, दंत्य, म्हणजे जीभ दातांशी नेऊन. ‘जरा थांब’ आणि ‘जरा-मरण’, ‘माझा’ आणि ‘माझी’, ‘त्याचा’ आणि ‘त्याची’ याही जोड्या घ्या. हल्ली इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं सगळीकडे तालव्य उच्चार करतात. आजीची भूमिका करणारी मुलगी ‘चूल’ असं म्हणाली की चूल परदेशी वाटू लागते. मात्र घरच्या बोलीला चूक म्हणू नका. बोली घालवायची नाही, भूमिकेला हवा तो उच्चार पाहिजे तेव्हा काढता आला पाहिजे.

आणि वाक्याचा शेवट. मराठी नट सर्वांत जास्त गमावतो तो इथे. आपलं क्रियापद शेवटी, नकारही शेवटी. ‘मी उद्या येणार नाही’ यातला ‘नाही’ पडला की तिसऱ्या रांगेपलीकडचा प्रेक्षक तुमची उद्या वाट पाहतो. दोघांना तीन मीटरवर समोरासमोर उभं करा, मग सहा, मग बारा मीटरवर. ऐकणाऱ्याने शेवटचा शब्द हरवला की हात वर करायचा. अंतर वाढलं की मुलं अख्खं वाक्य ओरडतात. त्यात पहिल्या शब्दावरच सगळा श्वास खर्च होतो आणि शेवट आणखी पडतो. यावर उपाय म्हणजे वाक्य मागून बांधत आणायचं. ‘नाही.’ ‘येणार नाही.’ ‘उद्या येणार नाही.’ ‘मी उद्या येणार नाही.’ प्रत्येक वेळी नवा श्वास घ्यायचा. मग एकदा आवाज न काढता फक्त ओठांनी, आणि नंतर मोठ्याने. आठ-दहा वाक्यांत फरक कळतो.

सरांच्या तालमीच्या वह्या आणि खुणा केलेल्या संहिता घरच्यांनी आम्हाला दिल्या. पानं पिवळी पडली आहेत. लॅमिनेशन करावं का? — एक वाचक, कोल्हापूर

अजिबात नको. लॅमिनेशनमध्ये कागद उष्णतेने प्लास्टिकला चिकटतो आणि पुन्हा सुटत नाही. सेलोटेपही नको. त्याचा गोंद काही वर्षांनी तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो.

वह्या आल्या त्या क्रमाने त्यांचे फोटो काढा, कशात काय खोचलेलं होतं तेही. मग रबरबँड, टाचण्या, स्टेपल काढा. स्टेपल नखाने ओढू नका, चपट्या चमच्याच्या टोकाने उचला. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा. सुटी पानं पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा. स्टेशनरीच्या दुकानातले वास येणारे पीव्हीसीचे फोल्डर चालत नाहीत, ते शाई उचलतात. नंतर पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवं, जमिनीपासून वर आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर. कोल्हापूरचा पावसाळा लक्षात घेता लोखंडी कपाटापेक्षा हवा खेळती राहणारी फळी बरी. डांबरगोळ्या कागदाला लागू देऊ नका.

स्कॅन रंगीतच करा, ३०० ते ४०० डीपीआयला, जपायची प्रत टिफ प्रकारात. काळ्या-पांढऱ्यात पेन्सिलच्या फिक्या खुणा नाहीशा होतात आणि तुम्हाला हव्यात त्या त्याच. लाल रेघ प्रकाशासाठी आणि निळी संगीतासाठी असेल तर तो भेदही रंगातच कळतो.

खुणांची किल्ली आत्ताच करा, त्या ओळखणारी माणसं आहेत तोवर. सर्वांत मोठा घोळ ‘उ’ आणि ‘डा’ यांचा असतो. उजवी म्हणजे नटाची उजवी की प्रेक्षकांची? वही समोरून बसून लिहिलेली असेल तर बऱ्याचदा प्रेक्षकांची निघते. एखाद्या प्रवेशात दाराची जागा नक्की माहीत असेल तर तिच्यावरून पडताळा आणि किल्लीच्या पहिल्याच ओळीत लिहून ठेवा. हे न केल्यामुळे पुनरुज्जीवनात अख्खं नाटक आरशात पाहिल्यासारखं उलटं बसतं.

तालमींच्या कॅसेट आहेत, पंचवीस-तीस वर्षं जुन्या. — एक वाचक, अमरावती

लगेच वाजवू नका. आधी पाहा. फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी असते. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा आणि जाणकाराकडे द्या, नाहीतर ती यंत्रातून बाकीच्या कॅसेटना लागते. फितीमागची छोटी गादी गळली असेल तर सारखीच, स्क्रूची दुसरी कॅसेट घेऊन फीत तिच्यात बदलता येते. कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन्ही टिकल्या मोडून टाका, म्हणजे चुकून वर मुद्रण होत नाही.

मग फीत एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा, तिचे चिकटलेले वेटोळे सुटतात. दर तीन-चार कॅसेटनंतर यंत्राचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. वॉकमनसारखी स्वस्त यूएसबी यंत्रं टाळा, त्यांचा वेग डळमळतो आणि सरांचा आवाज तरंगल्यासारखा येतो. दुरुस्त केलेला जुना कॅसेट डेक आणि तो संगणकाला जोडणारा साधा ऑडिओ इंटरफेस घ्या. ध्वनीची सर्वोच्च पातळी उणे ६ डेसिबलच्या खाली ठेवा. तालमीत सर अचानक ओरडतात, आणि तिथे पातळी ओलांडली की तो तुकडा कायमचा फाटतो. खरखर काढायची असेल तर प्रतीवर काढा, मूळ मुद्रण तसंच राहू द्या. सी-९० कॅसेटला एका बाजूला ४५ मिनिटं लागतात. घाई करण्याचा मार्ग नाही, तीस कॅसेटना पाच-सहा रविवार धरा.

सरांनी बसवलेलं नाटक पुन्हा करायचं आहे, आणि त्यांची पत्रं स्मरणिकेत छापायची आहेत. परवानग्या कोणाच्या? — एक वाचक, ठाणे

दिग्दर्शकाच्या घरच्यांची परवानगी सौजन्य म्हणून जरूर घ्या, पण कायद्याने आधी लागते ती नाटककाराची किंवा त्यांच्या वारसांची. भारतात लेखनाचा हक्क लेखकाच्या निधनानंतर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून साठ वर्षं राहतो. लेखक १९८० मध्ये गेले असतील तर ३१ डिसेंबर २०४० पर्यंत. देवलांची नाटकं केव्हाच मोकळी झाली आहेत. अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा, संगीताचा त्याहून वेगळा. महाराष्ट्रात प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागतं. सरांच्या काळातलं सापडलं तरी संहितेत बदल केले असतील तर ती पुन्हा सादर करा आणि महिना-दीड महिना हाताशी ठेवा.

पत्रांत सगळे फसतात. सरांनी तुम्हाला लिहिलेलं पत्र, म्हणजे तो कागद, तुमचा. पण मजकुराचा हक्क सरांचा, म्हणजे आता वारसांचा. छापण्यापूर्वी त्यांची लेखी परवानगी घ्या आणि पत्रात उल्लेख आलेल्या हयात माणसांना तो भाग दाखवा.

सरांच्या नावाने दरवर्षी पुरस्कार द्यायचा आहे. पैसे आम्ही काही जण परदेशातून पाठवू. — एक वाचक, न्यू जर्सी

आधी गणित. अकरा हजारांचा पुरस्कार आणि कार्यक्रमाचा पंचवीस हजार खर्च म्हणजे वर्षाला छत्तीस हजार. ठेवीवर साडेसहा टक्के व्याज धरलं तर मूळ निधी साडेपाच लाखांच्या वर लागतो, आणि महागाईसाठी थोडं व्याज मुद्दलात परत टाकायचं तर सात लाख धरा. इतके जमत नसतील तर रोख पुरस्काराऐवजी एका होतकरू नटाची कार्यशाळेची फी भरा. आमच्या मते तेच जास्त सरांच्या वळणाचं आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी देणगी समजली जात नाही. पण तुमच्यापैकी कोणी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असूनही ती विदेशी देणगी ठरते आणि घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते. गावातल्या छोट्या नाट्यसंस्थेकडे ती सहसा नसते. म्हणून पैसे गोळा करण्याआधी देणाऱ्यांची यादी नागरिकत्वानुसार वेगळी करा आणि संस्थेच्या सनदी लेखापालाला दाखवा. पुरस्कारासाठी नवा न्यास काढण्याऐवजी चालू संस्थेकडे अटींच्या पत्रासह निधी ठेवणं सोपं. त्या पत्रात ‘पुरस्कार तीन वर्षं दिला गेला नाही तर निधी अमुक कामाला जाईल’ हे कलम घालाच.

सर फार बोलायचे, कधी कधी लागेल असं. स्मरणिकेत हे लिहावं का? — एक वाचक, पुणे

लिहावं, पण शिवीबरोबर ती कोणत्या चुकीवर आली तेही लिहावं. चूक न लिहिता नुसता राग लिहिला की तो दंतकथा होतो आणि पुढचे शिक्षक त्याचीच नक्कल करतात. एखाद्याला अपमान खरोखर सोसावा लागला असेल आणि त्याला ते मांडायचं असेल तर संपादकाने कात्री लावू नये. त्याला लिहायचं नसेल तर गळ घालू नये.

तालमीच्या खोलीत सरांचा फोटो कुठे लावावा? — एक वाचक, मिरज

नटांच्या समोर नको, नजर तिकडे जाते. त्यांच्या मागेही नको, पाहणाऱ्याची जाते. दाराशेजारी, आत येताना दिसेल असा, डोळ्यांच्या उंचीवर लावा. हार रोज बदलणं जमणार नसेल तर घालूच नका. सुकलेल्या हाराला मुंग्या लागतात आणि त्या थेट मेकअपच्या पेटीत जातात.